नवा टॅब उघडला की ॲडमिनला आधी काय दिसावं?

प्रश्न असा आला आहे: 'सहाशे माणसांच्या कंपनीत सेल्सफोर्स आणि गूगल वर्कस्पेसचा ॲडमिन म्हणून नुकताच रुजू झालो आहे. सोबत थोडं मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आणि इन्ट्यूनही माझ्याकडे आलंय. दिवसभर टॅब उघडत असतो, म्हणून नव्या टॅबचं पान स्वतःच्या सोयीचं करून घ्यावं म्हणतो. तयार एक्स्टेन्शन घेऊ की स्वतः बनवू? आणि त्यावर ठेवू काय?'

नवख्यांसाठी एका ओळीत: सेल्सफोर्स म्हणजे विक्री आणि ग्राहकांच्या नोंदींची प्रणाली, वर्कस्पेस म्हणजे कंपनीचं गूगल मेल वगैरे, एन्ट्रा मायक्रोसॉफ्टकडची खाती आणि लॉगिन सांभाळतं, इन्ट्यून फोन-लॅपटॉप, आणि एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. 'घेऊ की बनवू' याकडे नंतर येतो. आधी दुसरा प्रश्न, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. नवीन टॅबचं पान म्हटलं की लिंकांची रांग डोळ्यांसमोर येते. मीही तसंच केलं होतं. सुरुवातीला माझ्या पानावर ४३ लिंका होत्या, प्रत्येकीला छान चिन्ह, मागे सह्याद्रीचा फोटो. त्यातल्या सात-आठच मी वापरायचो. बाकीच्या वेळी पत्त्याच्या पट्टीत दोन अक्षरं टाकली की ब्राउझर स्वतःच पत्ता पुरा करायचा. लिंक शोधायला डोळे फिरवण्यापेक्षा ते लवकर व्हायचं.

मग पान कशासाठी? माझं उत्तर अनुभवातून आलेलं आहे, आणि तो अनुभव काही चांगला नव्हता.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी यूएटी सँडबॉक्समध्ये, म्हणजे सेल्सफोर्सच्या चाचणीसाठीच्या प्रतीत, काही युजर फ्रीझ करत होतो, म्हणजे त्यांचं लॉगिन थांबवत होतो. शेजारच्या टॅबमध्ये प्रॉडक्शन, म्हणजे खरी चालती प्रणाली, उघडं होतं. मध्ये फोन आला, तो घेतला, परत आलो आणि उरलेली यादी पुरी केली, पण प्रॉडक्शनमध्ये. विक्री विभागातल्या चाळीसेक जणांना महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी लॉगिन होईना. २५ मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, पण ती २५ मिनिटं मला अजून आठवतात. गंमत बघा, सेल्सफोर्स सँडबॉक्समध्ये पानाच्या माथ्यावर पट्टी दाखवतं: 'सँडबॉक्स', आणि पुढे त्याचं नाव. प्रॉडक्शनमध्ये अशी पट्टी नसते. म्हणजे जिथे हात घसरला तरी फारसं बिघडत नाही तिथे पाटी लावलेली, आणि जिथे खरा खड्डा आहे तिथे काहीच नाही.

तेव्हापासून माझ्यासाठी नव्या टॅबचं पहिलं काम एकच: मी आत्ता कुठे उभा आहे आणि कोण म्हणून, हे वाचायला न लागता कळलं पाहिजे. वाचायला लागलं की घाईत ते वाचलं जात नाही. रंग मात्र दिसतोच.

यासाठी आधी ब्राउझरची प्रोफाइलं वेगळी करा. हे पानाआधीचं काम आहे आणि पानापेक्षा महत्त्वाचं. माझी चार आहेत: रोजच्या मेलचं साधं, प्रॉडक्शन ॲडमिनचं, सँडबॉक्सांचं आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन खात्याचं. ॲडमिनचं खातं आणि रोजच्या मेलचं खातं एकच असेल तर तेही याच निमित्ताने वेगळं करून घ्या. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) वेगळ्या, एक्स्टेन्शनं वेगळी, नव्या टॅबचं पानही वेगळं. प्रॉडक्शनच्या प्रोफाइलमध्ये नवा टॅब उघडला की माझं अख्खं पान लाल होतं. फिकट लाल नाही, लालबुंद. सँडबॉक्सचं हिरवं. पहिले दोन दिवस डोळ्यांना खुपतं, आणि ते खुपावं म्हणूनच केलंय.

वेगळ्या प्रोफाइलचा गूगलकडेही उपयोग होतो. एकाच प्रोफाइलमध्ये दोन-तीन खात्यांनी लॉगिन केलं की गूगलच्या अनेक पत्त्यांत 'यू' आणि त्यापुढे ० किंवा १ असा आकडा येतो. तो आकडा खात्याचा नाही, लॉगिनच्या क्रमाचा असतो. आज १ वर असलेलं ॲडमिन खातं उद्या ० वर जाईल, आणि तुमची जपून ठेवलेली लिंक भलत्याच खात्यात उघडेल. प्रोफाइल वेगळं केलं की तिथे खातं एकच उरतं, भानगडच मिटते.

इन्कॉग्निटोचं एक लक्षात ठेवा. तिथल्या नव्या टॅबचं पान क्रोमचं एक्स्टेन्शन बदलू शकत नाही. पुष्कळ ॲडमिन 'दुसऱ्या युजरला काय दिसतं' हे इन्कॉग्निटोत तपासतात, आणि नेमका तिथेच तुमचा रंग गायब असतो. चाचणीसाठी पाचवं प्रोफाइल काढा, जागा काही कमी पडत नाही.

आता लिंका. कमी ठेवा, आणि नावं प्रॉडक्टवरून देऊ नका, प्रसंगावरून द्या. 'गूगल ॲडमिन', 'एन्ट्रा', 'सेटअप' ही नावं तुम्हाला पाठच आहेत, ती पानावर लिहून काय मिळवणार? माझ्या पानावर सगळ्यात जास्त वापरला जाणारा चौकोन आहे 'माणूस गेला'. (मृत्यू नव्हे, राजीनामा. नवीन सहकारी पहिल्यांदा पाहतो तेव्हा दचकतो.) त्यावर टिचकी मारली की चार टॅब क्रमाने उघडतात: सेल्सफोर्समधली युजरची यादी, गूगलमधली युजरची यादी, एन्ट्रामधली, आणि इन्ट्यूनमध्ये त्याची उपकरणं. चौकोनाखाली बारीक अक्षरांत मी चार ओळी लिहून ठेवल्यात, कारण संध्याकाळी साडेसहाला एचआरचा फोन येतो तेव्हा डोकं चालत नाही:

'सेल्सफोर्स: आधी फ्रीझ, मग सावकाश डीॲक्टिव्हेट. फ्रीझने लायसन्स सुटत नाही. युजर डिलीट होतच नाही.'

'गूगल: आधी सस्पेंड. डिलीट केल्यास २० दिवसांत परत आणता येतो.'

'मायक्रोसॉफ्ट: आधी साइन-इन बंद. डिलीट केल्यास ३० दिवस.'

'लॅपटॉप पुसण्याआधी त्याच्या साहेबाला विचार.'

सेल्सफोर्समध्ये आधी फ्रीझ का, हे नवख्याला कळत नाही. तो माणूस लीड (संभाव्य ग्राहक) किंवा केसचा (ग्राहकाची तक्रार) ठरलेला मालक असेल, तर डीॲक्टिव्हेट करताना सिस्टिम अडवते: आधी ती जागा दुसऱ्याला द्या म्हणते. ती शोधाशोध होईपर्यंत त्याचं लॉगिन चालू. फ्रीझला अशी अडवणूक नाही, लगेच लागू होतं. असली माहिती मदतीच्या पानांत असतेच, पण हवी तेव्हा हाताशी असावी ती इथे.

असे प्रसंग तुमचे तुम्ही शोधा. माझे आणखी तीन आहेत: 'नवा माणूस', 'लॉगिन होत नाही' आणि 'काल कुणी काय बदललं'. शेवटच्यात सेल्सफोर्सचा सेटअप ऑडिट ट्रेल आणि गूगलचा ॲडमिन लॉग उघडतो. ऑडिट ट्रेल पानावर फक्त शेवटचे २० बदल दाखवतो, १८० दिवसांचा पूर्ण इतिहास हवा असेल तर फाइल उतरवून घ्यावी लागते. हे माहीत नसल्याने 'नोंदच नाही' असं छातीठोक सांगून तोंडघशी पडलेले दोन जण मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

सेल्सफोर्सच्या लिंका देताना जुन्या पद्धतीचा, सर्व्हरचं सांकेतिक नाव असलेला पत्ता वापरू नका, माय डोमेनचा, म्हणजे कंपनीच्या नावाचा, वापरा. ऑर्ग (तुमच्या कंपनीची सेल्सफोर्स प्रणाली) एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवली जाते तेव्हा सांकेतिक नाव बदलतं. विंटर '२४ रिलीजपासून एन्हान्स्ड डोमेन (माय डोमेनच्या पत्त्यांचा नवा साचा) सक्तीचे झाले, तेव्हा बऱ्याच टीमना आपापले बुकमार्क नव्याने तपासत बसावं लागलं. चांगली गोष्ट म्हणजे आता सँडबॉक्सच्या पत्त्यात सँडबॉक्सचं नाव आणि 'सँडबॉक्स' हा शब्द दोन्ही येतात, त्यामुळे पत्ता पाहूनही खात्री करता येते.

'पानावर शोधाची चौकट ठेवू का?' हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. ठेवू नका. क्रोममध्ये नवा टॅब उघडला की कर्सर पत्त्याच्या पट्टीतच जातो. तुमच्या चौकटीत तो आपोआप येईल यावर विसंबू नका. माऊस उचलून चौकटीत जाणं म्हणजे शोधाचा फायदाच घालवणं. त्याऐवजी क्रोमच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांच्या पानावर 'साइट सर्च' जोडा. मी 'यु' असा शॉर्टकट दिलाय: पट्टीत तो टाइप करून टॅब दाबला आणि ई-मेल लिहिला की थेट गूगल ॲडमिनमध्ये त्या युजरचा शोध लागतो. तिकिटाच्या क्रमांकासाठी वेगळा, सेल्सफोर्सच्या रेकॉर्ड आयडीसाठी वेगळा. हे बसवायला दहा मिनिटं लागली, आणि खरं सांगतो, रोजचा वेळ पानापेक्षा यानेच जास्त वाचवला.

सेवा चालू आहे की बंद, हे पानावर दिसावं का? दिसावं, पण लहान. सकाळी दहाला पाच जणांनी 'सिस्टिम स्लो आहे' म्हटलं की चूक आपली की त्यांची, हे आधी ठरवायचं असतं. बरेच जण इथे सेवेचं स्टेटस पान किंवा डॅशबोर्ड आयफ्रेममध्ये (पानातल्या पानाच्या चौकटीत) घालायला जातात आणि पांढरा चौकोन बघत बसतात. ॲडमिन पोर्टलं स्वतःला दुसऱ्याच्या चौकटीत दाखवू देत नाहीत. ती सुरक्षेची सोय आहे, तुमच्या कोडची चूक नाही. सेल्सफोर्सच्या ट्रस्ट साइटला आणि गूगल वर्कस्पेसच्या स्टेटस डॅशबोर्डला कोडने वाचता येणारी उघडी माहिती आहे, तिथून एक ठिपका रंगवता येतो. मायक्रोसॉफ्टची सेवा-स्थिती मात्र ग्राफ एपीआयकडून (प्रोग्रामांसाठीचं मायक्रोसॉफ्टचं दार) परवानगी घेऊन वाचावी लागते. तेवढ्यासाठी पानात टोकन, म्हणजे प्रवेशाची गुप्त किल्ली, ठेवायचं? नको. साधी लिंक पुरे.

आता ज्याच्याशिवाय मी जगू शकणार नाही ते: मुदतींचा फळा. पानाच्या उजव्या बाजूला मजकूर फक्त एवढा: कोणती गोष्ट कधी संपणार आणि किती दिवस उरले. ६० दिवस उरले की पिवळा, १५ उरले की लाल. ॲडमिनच्या आयुष्यातले मोठे घोटाळे कुणी हल्ला केल्याने कमी आणि काहीतरी संपल्याने जास्त होतात, असं माझं मत झालंय.

माझ्या फळ्यावर काय आहे सांगतो, म्हणजे तुम्हाला सुरुवात होईल. एन्ट्रामधून सेल्सफोर्ससारख्या ॲपला एसएसओ (एकाच लॉगिनने प्रवेश) दिलं असेल तर त्याचं सॅमल प्रमाणपत्र (लॉगिन खरं आहे हे त्या ॲपला पटवणारं) सहसा ३ वर्षांचं निघतं. ३ वर्षं हा फार वाईट आकडा आहे: ज्याने लावलं तो तोवर कंपनीत नसतो. एन्ट्रा पोर्टलमधून काढलेल्या क्लायंट सिक्रेटची (ॲपच्या पासवर्डची) मुदत जास्तीत जास्त २४ महिने. इन्ट्यूनमध्ये आयफोन असतील तर ॲपलचं पुश प्रमाणपत्र (इन्ट्यूनला ते फोन सांभाळू देणारं) दरवर्षी नवं करायचं, आणि तेही ज्या ॲपल खात्यावरून पहिल्यांदा काढलं त्याच खात्यावरून. ते खातं कुणाच्या खाजगी ई-मेलवर असेल आणि तो माणूस गेला असेल, तर सगळे फोन नव्याने नोंदवायची वेळ येऊ शकते. म्हणून माझ्या फळ्यावर त्या ओळीत तारखेशेजारी खात्याचा पत्ताही आहे. सँडबॉक्स रिफ्रेशचंही (प्रॉडक्शनवरून ताजी प्रत घेण्याचं) असंच: फुल सँडबॉक्स एकदा रिफ्रेश केला की २९ दिवस पुन्हा करता येत नाही, पार्शल ५ दिवस, डेव्हलपर १ दिवस. टेस्टिंगवाले 'उद्या रिफ्रेश करा' म्हणतात तेव्हा पानाकडे बोट दाखवायचं. शिवाय सेल्सफोर्सचे वर्षाला तीन रिलीज, स्प्रिंग, समर आणि विंटर, तुमच्या ऑर्गवर कोणत्या शनिवार-रविवारी येणार त्या तारखा.

वेबसाइटच्या प्रमाणपत्रांचं तर पुढे आणखी घाईचं होणार आहे. सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांची कमाल मुदत बरीच वर्षं ३९८ दिवस होती. सीए/ब्राउझर फोरमने (प्रमाणपत्र देणारे आणि ब्राउझरवाले यांची संघटना) २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. एखादं अंतर्गत पोर्टल तुम्ही हाताने सांभाळत असाल तर ते काम स्वयंचलित करा, नाहीतर फळा कायम लालच राहील.

काय ठेवू नये हेही सांगितलं पाहिजे. पासवर्ड, टोकन, रिकव्हरी कोड यातलं काहीही नाही, 'तात्पुरतं' म्हणूनसुद्धा नाही. आणि तिकिटांची थेट यादी नाही. एका बैठकीत मी स्क्रीन शेअर करून बोलत होतो, सहज नवा टॅब उघडला, आणि पानावरच्या तिकिटांच्या यादीत पहिलीच ओळ: अमुक व्यवस्थापकाचा ॲक्सेस सोमवारी बंद करणे. तो व्यवस्थापक त्याच बैठकीत होता, आणि त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर माझ्या पानावर तिकिटांचा फक्त आकडा असतो: 'उघडी ९'. नव्या टॅबचं पान खाजगी नसतं, दिवसातून एकदा तरी ते कुणाच्या तरी समोर उघडतंच.

आता 'घेऊ की बनवू'. मोमेंटमसारखी तयार एक्स्टेन्शनं दिसायला सुंदर आहेत आणि घरच्या लॅपटॉपवर खुशाल वापरा. ॲडमिनच्या प्रोफाइलमध्ये मात्र मी बाहेरचं एकही अनावश्यक एक्स्टेन्शन येऊ देत नाही. एखाद्या कंपनीवर अविश्वास म्हणून नव्हे. एक्स्टेन्शन आज चांगलं असतं आणि उद्या गुपचूप अपडेट होतं, हा धंद्याचा स्वभावच आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या डेटा-सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या मेलने गाठून, नाताळच्या तोंडावर तिच्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती वापरकर्त्यांकडे पोचवली गेली. ते सुमारे ४ लाख लोकांकडे होतं. ॲडमिनच्या प्रोफाइलमधल्या कुकी म्हणजे वाड्याच्या किल्ल्या. पानावर सुविचार दिसावा म्हणून त्या कुणाच्या हाती द्यायच्या?

तेव्हा बनवा. वाटतं तेवढं अवघड नाही: मॅनिफेस्ट (एक्स्टेन्शनची ओळख आणि परवानग्या सांगणारी), एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट अशा तीन फाइली. मॅनिफेस्टची आवृत्ती ३ ठेवा, आणि त्यात 'क्रोम यूआरएल ओव्हरराइड्स' खाली 'न्यूटॅब' समोर तुमच्या पानाचं नाव. स्क्रिप्ट एचटीएमएलच्या आत लिहिली तर चालत नाही, वेगळ्या फाइलमध्येच हवी. पहिल्यांदा करणारा हमखास इथे अर्धा तास घालवतो. परवानगी फक्त स्टोरेजची मागा, आणि स्टेटसचा ठिपका हवा असेल तर तेवढ्या एक-दोन पत्त्यांची. 'सगळ्या साइटवरची माहिती वाचणे' ही परवानगी नव्या टॅबच्या पानाला कशासाठीही लागत नाही.

लिंका आणि तारखा सिंक स्टोरेजमध्ये (क्रोम खात्यासोबत फिरणाऱ्या साठ्यात) ठेवता येतात, पण जागा बेताची: एकूण सुमारे १०० किलोबाइट, आणि एका नोंदीला ८,१९२ बाइट. सगळं एकाच नोंदीत कोंबू नका, प्रत्येक चौकोन वेगळा साठवा. मराठीत टिपा लिहिणार असाल तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे तुमची जागा इंग्रजीवाल्याच्या एक-तृतीयांश. माझा 'माणूस गेला' तसा आटोपशीर आहे तो काही शैली म्हणून नाही.

टीममध्ये आणखी ॲडमिन असतील तर क्रोम वेब स्टोअरवर ते फक्त आपल्या डोमेनपुरतं प्रकाशित करा. डेव्हलपर म्हणून नोंदणीचे एकदाच ५ डॉलर भरावे लागतात. मग गूगल ॲडमिनमधून फक्त ॲडमिनांच्या गटाला ते सक्तीने बसवा. सगळ्यांना सारख्या लागणाऱ्या लिंका पॉलिसीतून (ॲडमिनने सगळ्यांच्या ब्राउझरला लावलेली सेटिंग) 'मॅनेज्ड स्टोरेज'मध्ये देता येतात. त्या पानाला फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत, म्हणून कुणी चुकून पुसत नाही.

कुठल्यातरी टप्प्यावर तुमचे साहेब हे पान पाहतील आणि म्हणतील, 'छान आहे, सगळ्या कंपनीला लावून टाका.' क्रोम आणि एज दोन्हींत 'न्यू टॅब पेज लोकेशन' नावाची पॉलिसी आहे, त्यात कंपनीच्या पोर्टलचा पत्ता दिला की सहाशे जणांचा नवा टॅब तिथे जातो. करण्याआधी ते पोर्टल लॉगिनसकट उघडायला किती सेकंद घेतं ते मोजा. तीन सेकंद घेत असेल तर दिवसातून पन्नास वेळा लोक तुमचं नाव काढतील, आणि चांगल्या अर्थाने नाही. सगळ्यांसाठी 'मॅनेज्ड बुकमार्क्स', म्हणजे पॉलिसीने पाठवलेले बुकमार्क, पुरतात. एज वापरत असाल तर नव्या टॅबवर कंपनीच्या तीनपर्यंत लिंका पॉलिसीने ठेवता येतात, आणि तीन लिंकांत भागत नसेल तर प्रश्न टॅबचा नाही, पोर्टलचा आहे. फायरफॉक्सवाल्यांना सांगा की २०१५ मधल्या ४१ व्या आवृत्तीपासून नव्या टॅबचा पत्ता बदलण्याची जुनी सेटिंग काढून टाकलेली आहे, तिथेही एक्स्टेन्शनचाच रस्ता. काही लागू झालं की नाही हे पाहायला ब्राउझरचं 'पॉलिसी' हे अंतर्गत पान उघडा, अंदाज बांधत बसू नका.

सुरुवात कुठून करू म्हणाल तर कोडपासून नको. आधी एक आठवडा कीबोर्डशेजारी कागद ठेवा आणि नवा टॅब उघडताना कशासाठी उघडला ते एका शब्दात लिहा. शुक्रवारी रेघा मोजा. माझ्या कागदावर 'पासवर्ड रीसेट' पहिलं आलं होतं. त्यासाठी मी चौकोन बनवला नाही, हेल्पडेस्कच्या दोघांना गूगलमध्ये तेवढ्याच अधिकाराचा ॲडमिन रोल दिला, आणि ती ओळ कागदावरूनच गेली. ४३ लिंकांच्या आता ११ उरल्यात, रंग लाल, आणि फळ्यावर सध्या एक ओळ पिवळी आहे: ॲपलचं पुश प्रमाणपत्र, ३८ दिवस.